फवारणीचे विष, शरीरातील विकर आणि वेळेचे महत्त्व

रावेर तालुक्यात केळी आणि कपाशी ही दोन पिके शेतकऱ्याच्या संसाराचा आधार आहेत. ह्या पिकांवरील किडींच्या बंदोबस्तासाठी कीटकनाशक औषधांची फवारणी करावी लागते. कपाशीत ती मुख्यतः श्रावणापासून आश्विनापर्यंत चालते. केळीच्या बागेत घड निसवल्यावर नळी डोक्याच्या वर धरून फवारा मारावा लागतो. अशा वेळी फवाऱ्याचे थेंब माणसाच्या चेहऱ्यावर, मानेवर व हातांवर पडतात. घामाने भिजलेली त्वचा आणि ओला सदरा ह्यांतून औषध शरीरात शिरते.

समजा, दिवसभर फवारणी केलेला मजूर दुपारी चार वाजता बांधावर येऊन बसला. त्याला दरदरून घाम सुटला आहे, तोंडाला पाणी सुटत आहे, पोटात मुरडा येतो आहे आणि डोळ्यांपुढे अंधारी येत आहे. सोबतचे लोक म्हणतात, 'ऊन लागले' किंवा 'पित्त झाले'. त्याला सावलीत निजवतात, कांद्याचा रस किंवा ताक देतात, आणि संध्याकाळपर्यंत वाट पाहतात. रात्री श्वास घेणे जड जाऊ लागले म्हणजे मग वाहनाची शोधाशोध होते. ह्या मधल्या पाच-सहा तासांत शरीरामध्ये नेमके काय घडते, हे समजले तर कोणीही वाट पाहणार नाही. म्हणून त्याची माहिती येथे दिली आहे.

विकराचे काम

मेंदूचा हुकूम मज्जातंतूंमार्फत स्नायूंपर्यंत पोहोचतो. तंतूचे टोक आणि स्नायू ह्यांमध्ये अगदी बारीक फट असते. ती ओलांडण्यासाठी तंतूच्या टोकातून ॲसिटिलकोलीन नावाचे द्रव्य बाहेर पडते आणि स्नायू आखडतो. हुकूम पोहोचल्यावर हे द्रव्य तेथून ताबडतोब नाहीसे व्हावे लागते. ते नाहीसे करणाऱ्या पदार्थाचे नाव कोलिनेस्टरेज. हे एक विकर, म्हणजे एंझाइम, आहे. स्वतः न संपता दुसऱ्या द्रव्याचे विघटन घडवून आणणे हा विकराचा धर्म होय. कोलिनेस्टरेजचा एक कण एका सेकंदात ॲसिटिलकोलीनचे हजारो कण मोडून टाकतो.

पिकाला पाणी देताना दारे धरणारा मनुष्य जे काम करतो, तेच काम हे विकर करते. वाफा भरला की तो दार बंद करून पाणी पुढच्या वाफ्याकडे वळवतो. त्याचे हात कोणी बांधून ठेवले तर पाटाचे पाणी एकाच वाफ्यात येत राहील आणि वाफा फुटेल. विकर निकामी झाले म्हणजे शरीरात असेच होते. ॲसिटिलकोलीन साचत जाते व हुकूम थांबतच नाही. त्यामुळे घाम, लाळ व अश्रू वाहतात, उलट्या व जुलाब होतात, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या बारीक होतात आणि छातीत कफ भरतो. स्नायू प्रथम थरथरतात आणि पुढे थकून लुळे पडतात. श्वासाचे स्नायू थकले म्हणजे मृत्यू येतो.

विषाची गाठ

हात बांधण्याचे हे काम सेंद्रिय फॉस्फरस वर्गातील कीटकनाशके करतात. क्लोरपायरीफॉस, क्विनॉलफॉस, डायमेथोएट, मॅलाथिऑन, ॲसिफेट, प्रोफेनोफॉस ही ह्या वर्गातील परिचयाची नावे होत. मोनोक्रोटोफॉस व फोरेट हीदेखील ह्याच वर्गातील. जर्मनीत गेऱ्हार्ड श्राडर हे रसायनशास्त्रज्ञ नव्या कीटकनाशकांचा शोध घेत असता १९३६ साली त्यांच्या हाती टाबुन हे द्रव्य लागले. ते माणसालाही इतके घातक निघाले की त्याची गणना युद्धातील विषांत झाली. त्यानंतर आलेले सारिन हे त्याच कुळातील असून १९९५ च्या मार्चमध्ये टोकियोच्या भुयारी रेल्वेत झालेल्या हल्ल्यात तेच वापरले गेले. शेतीतील औषधे सारिनपेक्षा पुष्कळ सौम्य असली तरी विकराला बांधण्याची त्यांची रीत तीच आहे.

ह्या वर्गातील काही औषधे शरीरात शिरल्यावर लगेच विकराला बांधतात. क्लोरपायरीफॉस व क्विनॉलफॉस ह्यांसारखी काही औषधे मात्र आधी यकृतात पोहोचतात. तेथे त्यांतील गंधकाची जागा प्राणवायू घेतो आणि मगच ती खरी विषारी बनतात. म्हणून फवारणी संपल्यावर कित्येक तासांनी लक्षणे दिसणे शक्य असते. 'शेतात असताना तर तो ठीक होता' एवढ्यावरून विषबाधा नाही असे ठरवणे चुकीचे होय.

सुटकेचे तीन मार्ग

बांधले गेलेले विकर पुन्हा कामाला लागण्याचे तीनच मार्ग आहेत.

पहिला मार्ग असा की गाठ आपोआप सुटते. केळीच्या बुंध्याशी सोंडकिडीसाठी टाकतात ते दाणेदार कार्बोफ्युरान हे कार्बामेट ह्या निराळ्या वर्गातील आहे. त्याची गाठ सैल असते आणि काही तासांत बहुतेक विकर मोकळे होते. तेवढा वेळ रोग्याचा श्वास सांभाळावा लागतो. सेंद्रिय फॉस्फरसची गाठ मात्र घट्ट असते. ती आपोआप सुटण्याचा वेग औषधागणिक बदलतो.

दुसरा मार्ग औषधाचा. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात अर्विन विल्सन आणि त्यांचे सहकारी ह्यांनी १९५० नंतरच्या काही वर्षांत असे दाखवून दिले की निकामी झालेले विकर मेलेले नसते, ते केवळ बांधलेले असते. योग्य द्रव्याने ही गाठ सोडवता येते. १९५५ साली असे एक प्रभावी द्रव्य तयार झाले. त्यास प्रालिडॉक्झिम म्हणतात आणि रुग्णालयांत ते 'पाम' ह्या लहान नावाने ओळखले जाते. विषाच्या कणाला विकरापासून ओढून आपल्याकडे घेणे हे त्याचे काम. १९५८ साली जपानमधील डॉक्टरांनी पॅराथिऑनची बाधा झालेल्या रोग्यांवरील त्याचा उपयोग प्रसिद्ध केला.

तिसरा मार्ग नव्या विकराचा. शरीर नवे विकर तयार करीत असते, परंतु हे काम सावकाश चालते. रक्तातील तांबड्या पेशींवर असणारे विकर त्या पेशींबरोबरच नवे येते. तांबड्या पेशीचे आयुष्य सुमारे १२० दिवसांचे असल्यामुळे ही भरपाई दिवसाला साधारण शेकडा एक इतकीच होते. विकराचा अर्धा साठा गेला असेल तर तो भरून येण्यास दीड-दोन महिने लागू शकतात.

गाठ जून होणे

ह्या विषयातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट ही की गाठ सोडवण्याची संधी कायम राहत नाही. ओल्या काथ्याची गाठ मारल्याबरोबर सोडवता येते. तीच उन्हात वाळून आवळली की सुटत नाही, दोरी कापावी लागते. विकराला चिकटलेल्या विषाच्या कणाचेही तसेच होते. काही वेळाने त्या कणाचा एक लहान भाग गळून पडतो आणि उरलेला भाग विकराला कायमचा धरून बसतो. शेंग जून झाली म्हणजे ती पुन्हा कोवळी होत नाही, त्याप्रमाणे असे विकरही जून झाले असे म्हणता येईल. जून झालेल्या विकरावर पामचा काही परिणाम होत नाही. त्यानंतर तिसरा मार्ग तेवढा उरतो.

विकर जून होण्यास किती वेळ लागतो हे विषाच्या जातीवर अवलंबून असते. डायमेथोएट, मॅलाथिऑन व मोनोक्रोटोफॉस ह्यांसारख्या औषधांत बांधलेल्या विकरापैकी निम्मे सुमारे चार तासांत जून होते. क्लोरपायरीफॉस व क्विनॉलफॉस ह्यांच्या बाबतीत निम्मे जून होण्यास सुमारे ३३ तास लागतात. प्रोफेनोफॉसची गाठ इतक्या लवकर आवळते की पामचा फारसा उपयोग होत नाही. युद्धातील सोमान नावाच्या विषात तर दोन-चार मिनिटांतच निम्मे विकर जून होते.

आता बांधावर निजवलेल्या त्या मजुराकडे पुन्हा पाहावे. त्याच्या अंगात डायमेथोएट गेले असेल तर चार वाजल्यापासून आठ वाजेपर्यंत बांधल्या गेलेल्या विकरातील निम्मा भाग हातचा गेला. मध्यरात्रीपर्यंत उरलेल्यातील निम्मा गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी मोठ्या रुग्णालयात औषध उपलब्ध असले तरी त्याने सोडवावे असे विकर थोडेच शिल्लक राहिलेले असते. रोग्याचे भवितव्य बऱ्याच अंशी ह्या पहिल्या काही तासांत ठरते.

रुग्णालयातील उपचार

रुग्णालयात प्रथम ॲट्रोपिन देतात. त्यामुळे छातीतील कफ, लाळ व घाम आटोक्यात येतात आणि हृदयाची मंद झालेली गती सुधारते. परंतु ॲट्रोपिन विकराची गाठ सोडवत नाही व लुळ्या पडलेल्या स्नायूंना बळ देत नाही. त्यासाठी पाम, आणि गरज पडल्यास कृत्रिम श्वासाचे यंत्र लागते.

पाम किती व कसे द्यावे ह्यासंबंधी महाराष्ट्रातच एक महत्त्वाचा प्रयोग झालेला आहे. बारामती येथील गिरिराज रुग्णालयात डॉ. पवार आणि त्यांचे सहकारी ह्यांनी मध्यम प्रमाणात विषबाधा झालेल्या २०० रोग्यांचे दोन गट केले. दोन्ही गटांस आरंभी सारखीच मात्रा दिली. पुढे एका गटास पाम ४८ तासपर्यंत सलग शिरेतून दिले आणि दुसऱ्या गटास दर चार तासांनी थोडे थोडे दिले. सलग औषध मिळालेल्यांत शेकडा १ दगावला, तर दुसऱ्या गटात शेकडा ८ दगावले. हे निष्कर्ष २००६ साली लँसेट ह्या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. ह्यामागील विचार असा की पाम शरीरातून लवकर निघून जाते, पण विष अंगात राहून मोकळ्या झालेल्या विकराला पुन्हा बांधते. म्हणून सोडवणाऱ्यानेही सतत हजर असावयास हवे.

तथापि श्रीलंकेत झालेल्या आणि २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत पाम दिल्याने रोग्यांचा फायदा झाल्याचे दिसले नाही. कोणते विष, किती पोटात गेले, रोगी किती वेळाने आला, ह्या गोष्टी प्रत्येक ठिकाणी निराळ्या असतात. ह्यावरून घ्यावयाचा बोध असा की पाम म्हणजे हमखास उतारा नव्हे. उतारा आहे म्हणून विषाविषयी निष्काळजी राहणे धोक्याचे आहे.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. पहिली लक्षणे ओसरल्यावर एक ते चार दिवसांच्या आत काही रोग्यांची मान उचलेनाशी होते आणि श्वासाचे स्नायू पुन्हा दुबळे पडतात. म्हणून 'आता बरे वाटते' असे म्हणून डॉक्टरांच्या संमतीवाचून रोग्यास घरी आणू नये.

किडीचे विकर

किडीचा मज्जासंस्थेचा व्यवहारही ह्याच विकरावर चालतो आणि म्हणूनच ही औषधे किडीस मारतात. परंतु किडीच्या पिढ्या फार लवकर होतात. लाखो किडींपैकी एखादीच्या विकराची घडण जन्मतःच थोडी निराळी असते व त्यावर विषाची गाठ नीट बसत नाही. फवारणीत बाकीच्या मरतात, ती वाचते आणि तिचीच संतती वाढते. लाल कोळ्याच्या बाबतीत असे बदललेले विकर १९६४ सालीच दाखवून देण्यात आले. काही जातींच्या माव्यात निराळा प्रकार आढळतो: तेथे विषाला वाटेतच अडवून धरणारी दुसरी विकरे फार मोठ्या प्रमाणावर तयार होतात.

औषध लागू पडेनासे झाले की शेतकरी मात्रा वाढवतो, दोन-तीन औषधे एकत्र करतो आणि फवारण्यांची संख्याही वाढवतो. विकर बदललेल्या किडीवर ह्याचा परिणाम थोडा होतो; पाठीवर पंप घेतलेल्या माणसाचे विकर मात्र बदललेले नसते. वाढवलेल्या मात्रेचा सगळा भार त्याच्यावर पडतो. औषध चालेनासे झाले तर मात्रा न वाढवता निराळ्या वर्गातील औषधाची निवड करावी, आणि कामगंध सापळे, मित्रकीटक व पिकाची फेरपालट ह्यांची जोड द्यावी, हेच शहाणपणाचे होय.

यवतमाळचा धडा

२०१७ सालच्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात उंच वाढलेल्या कपाशीवर फवारणी करताना शेकडो शेतकरी व शेतमजूर आजारी पडले आणि वीसहून अधिक दगावले. त्यांच्या फवाऱ्यात सेंद्रिय फॉस्फरस वर्गातील औषधांबरोबर अन्य वर्गांतील औषधेही मिसळलेली होती. अशा मिश्रणात डॉक्टरांपुढे मोठा पेच पडतो. कारण पाम व ॲट्रोपिन ह्यांचा उपयोग विकर बांधणाऱ्या विषांपुरता आहे. इतर विषांस हा उतारा लागू पडत नाही.

कायद्याच्या दृष्टीनेही हा प्रश्न नवा नाही. १९५८ साली केरळात पॅराथिऑन मिसळलेले अन्न खाऊन शंभरावर माणसे मृत्यू पावली. त्यानंतरच्या चौकशीतून १९६८ चा कीटकनाशक कायदा आला. त्याखालील १९७१ च्या नियमांत ह्या वर्गातील औषधे हाताळण्याच्या कामावर असलेल्यांच्या रक्तातील कोलिनेस्टरेजची दरमहा तपासणी सांगितली आहे. चार दिवसांसाठी रोजाने आलेल्या मजुराच्या वाट्यास ती क्वचितच येते. केंद्र शासनाने २०१८ च्या आदेशाने मिथाईल पॅराथिऑनवर लगेच, तर फोरेट, फॉस्फामिडॉन, ट्रायझोफॉस व डायक्लोरव्हॉस ह्यांवर २०२० च्या अखेरपासून बंदी घातली. २०२३ च्या आदेशाने मोनोक्रोटोफॉसवरही बंदी आली आणि जुना साठा संपवण्याची मुदत सप्टेंबर २०२४ अखेर संपली. ह्यांपैकी एखादी बाटली घरात पडून असेल तर ती वापरू नये आणि कोणास देऊही नये.

गावपातळीवर काय करावे

१. फवारणी सकाळी किंवा संध्याकाळी, वाऱ्याच्या दिशेने करावी. पूर्ण बाह्यांचा सदरा, हातमोजे, तोंडावर मुखवटा आणि डोळ्यांस चष्मा वापरावा. गळका पंप पाठीवर घेऊ नये. एकाच माणसास रोज फवारणीचे काम देऊ नये.

२. घाम, लाळ, मळमळ, अंधारी, छाती भरणे किंवा मांस थरथरणे ह्यांपैकी काहीही दिसताच काम थांबवावे. फवारणीच्या दिवशी 'ऊन लागले' असे म्हणण्यापूर्वी विषबाधेची शंका घ्यावी. बाहुल्या बारीक झाल्या असतील तर शंका बळावते. मात्र त्या बारीक नाहीत म्हणून निश्चिंत राहू नये.

३. रोग्याचे सर्व कपडे काढून साबण व भरपूर पाण्याने अंग, केस व नखे धुवावीत. चामड्याची चप्पल व पट्टा औषध शोषून घेतात. ते पुन्हा वापरू नयेत. धुणाऱ्याने हातमोजे घालावेत.

४. दूध, तूप, ताक, मिठाचे पाणी असे काही पाजू नये व उलटी करवू नये. शुद्ध हरपत असेल तर रोग्यास कुशीवर निजवावे.

५. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. उशीर होत असेल तर मिळेल त्या वाहनाने निघावे. निघताना जवळच्या शासकीय रुग्णालयास दूरध्वनीने कळवावे.

६. औषधाची बाटली अथवा तिच्यावरील पत्रक बरोबर न्यावे. एकाहून अधिक औषधे मिसळली असतील तर सर्व न्यावी. फवारणी केव्हा सुरू केली आणि पहिले लक्षण केव्हा दिसले ह्या दोन वेळा कागदावर लिहून द्याव्यात. विकर किती जून झाले असेल ह्याचा अंदाज डॉक्टरांना त्यावरून येतो.

७. बरा झालेला मनुष्य निदान त्या हंगामात पुन्हा फवारणीस जाऊ नये. त्याचे विकर भरून आलेले नसते. पहिल्या वेळी सहन झालेली मात्रा दुसऱ्या वेळी घातक ठरू शकते. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात तांबड्या पेशींवरील विकर मूळ पातळीच्या शेकडा ७० पर्यंत उतरले की कामगारास अशा कामावरून दूर करतात आणि ते शेकडा ८० पर्यंत आल्यावरच परत घेतात. म्हणून नेहमी फवारणी करणाऱ्यांनी हंगामापूर्वी एकदा रक्त तपासून घेणे इष्ट होय. प्रत्येकाची मूळ पातळी निराळी असल्यामुळे आधीचा आकडा हाती नसेल तर नंतरच्या आकड्याचा अर्थ लावणे कठीण जाते.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी ही माहिती हंगामापूर्वीच्या शेतकरी सभेत सांगावी. केवळ बागाईतदारास सांगून भागणार नाही. पंप बहुधा मजुराच्या पाठीवर असतो आणि सातपुड्याच्या पाड्यांतून कामास आलेल्या अनेकांना बाटलीवरील बारीक अक्षरे वाचता येत नाहीत. त्यांना समजेल अशा बोलीत, बाटलीवरील त्रिकोणाचा रंग दाखवून सांगावे: तांबडा सर्वांत विषारी, त्यानंतर पिवळा, मग निळा आणि शेवटी हिरवा. केळीचा घड दोन दिवस उशिरा उतरला तर भावात थोडे नुकसान होते; ते पुढच्या पिकात भरून निघते. आवळलेली गाठ मात्र कोणत्याही औषधाने सुटत नाही. म्हणून बांधावर बसलेल्या माणसाची संध्याकाळपर्यंत वाट पाहू नये. त्यास तत्काळ रुग्णालयात न्यावे.